इंजेक्शन आलंय म्हणतात, मग प्लॉट विकावा का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी विसरण्याबद्दलची आहेत. कुणाच्या सासूबाई, कुणाचे वडील, कुणी स्वतःच. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण तिथे घरातली मालमत्ता पणाला लागली आहे आणि निर्णय पंधरा दिवसांत घ्यायचा आहे. नावं विनंतीवरून छापलेली नाहीत. मी आयुष्यभर पॅथॉलॉजी शिकवली, त्यामुळे रुग्णाच्या उशाशी कमी आणि सूक्ष्मदर्शकापाशी जास्त बसले. आईच्या आजारपणात मात्र नऊ वर्षं उशाशीच होते. जे लिहिते आहे ते या दोन्ही जागांवरून.

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. शाळेत गणित शिकवायच्या. चार वर्षांपासून विसरणं सुरू झालं, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. डोनेपेझिलची गोळी चालू आहे. परवाच्या तपासणीत तीसपैकी तेरा गुण आले. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला कापडी पिशवी भरतात आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभ्या राहतात. धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. ते म्हणतात, मेंदूतला कचरा साफ करणारं इंजेक्शन आलंय, आईला द्यायलाच हवं, बायपासजवळचा प्लॉट विकून टाकू. गिऱ्हाईकही आलं आहे. आमचे हे काहीच बोलत नाहीत. प्लॉट विकावा का? दीर हळदीच्या कॅप्सूल आणि खोबरेल तेलही द्यायला सांगतात, ते द्यावं का? आणि एक विचारायला भीती वाटते, पण विचारते : हा आजार पुढे यांनाही होईल का?
एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. त्या इंजेक्शनसाठी प्लॉट विकू नका.

कारणं सविस्तर लिहिते, म्हणजे या पानाचा फोटो काढून दिरांना पाठवता येईल. आईसाठी काहीतरी करावं म्हणून लांब बसलेला मुलगा तळमळतो, त्यात गैर काही नाही. त्यांनी वाचलेली बातमीही खोटी नाही. ती अर्धी आहे.

तो ‘कचरा’ मी पाहिलेला आहे. मेंदूची कागदाहून पातळ चकती चांदीच्या क्षाराने रंगवली की पिवळसर तपकिरी पार्श्वभूमीवर दोन गोष्टी काळ्या उठून दिसतात. पेशींच्या मधल्या जागेत विस्कटलेले गोल डाग दिसतात, ते अमायलॉइडचे. आणि पेशींच्या आत, फणीला निघालेल्या गुंतवळासारखे पुंजके दिसतात, ते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. विद्यार्थ्यांना मी ‘डाग आणि गुंतवळ’ असंच सांगायचे, म्हणजे परीक्षेत विसरत नसत. १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमर यांनी जर्मनीत ट्युबिंगेनच्या सभेत जे मांडलं ते हेच. त्यांची रुग्ण ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. ती जेवत असताना डॉक्टरांनी टिपून ठेवलं आहे : ताटात फ्लॉवर आणि मांस, आणि काय खाताय असं विचारल्यावर ती म्हणते, पालक. ‘मी स्वतःला हरवून बसले आहे’ हे तिचे शब्द. ही नोंद मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचे. आईने एकदा हातातल्या पोह्यांना ‘ही खिचडी छान झालीय’ म्हटलं, तेव्हा त्या वर्गातल्या शांततेची आठवण झाली.

डागातलं प्रथिन कोणतं हे ग्लेनर आणि वाँग यांनी १९८४ मध्ये वेगळं काढून दाखवलं. तिथून सगळ्या जगाने एक धरून ठेवलं : डाग काढा, आजार जाईल. औषधामागून औषधं पडली. २०२१ मध्ये अड्युकानुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली, त्यावरून वाद पेटला आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते सोडून दिलं. खरं पाऊल पडलं ते लेकॅनेमॅबने. त्याला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, आणि वर्षभराने, जुलै २०२४ मध्ये, डोनानेमॅबला. दीर म्हणतात ती इंजेक्शनं हीच. दोन्ही प्रतिपिंडं आहेत, म्हणजे डागांना जाऊन चिकटतात आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. डाग खरोखर कमी होतात, स्कॅनवर दिसतं. माझ्या पिढीने हे होईल असं मानलं नव्हतं, आणि ते झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता बातमीचा उरलेला अर्धा भाग. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत १,७९५ जण होते आणि ती अठरा महिने चालली. आजार मोजायला अठरा गुणांची एक पट्टी वापरतात. तीत सहा गोष्टी बघतात : स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि छंद, स्वतःची निगा. गुण जितके जास्त तितका आजार पुढे. अठरा महिन्यांनी नुसतं खारं पाणी मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. दोन्ही गट खालीच उतरले, औषधवाले थोडे सावकाश. फरक ०.४५ गुणांचा. मथळ्यात जे ‘२७ टक्के’ छापून येतं ते हेच. अठरापैकी अर्ध्या गुणाहून कमी. घरातल्या माणसाला तो फरक डोळ्यांनी दिसेल का, यावर डॉक्टरांतच एकमत नाही.

आणि हे सगळं कुणाच्या बाबतीत? आजार अगदी सुरुवातीला असलेल्यांच्या. तुमच्या सासूबाईंनी दिली त्याच तीस गुणांच्या परीक्षेत लेकॅनेमॅबच्या चाचणीसाठी निदान बावीस गुण लागत होते, डोनानेमॅबसाठी वीस. सासूबाईंचे तेरा आहेत. त्यांच्या टप्प्यावरच्या माणसांना औषध देऊन पाहिलेलंच नाही, तेव्हा फरक पडेल असं कोणी म्हणालं तर ते अंदाजाने म्हणणं झालं. धोका मात्र अंदाजाचा नाही. लेकॅनेमॅबवर असलेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली. काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव होतो. बऱ्याच जणांना त्रास जाणवत नाही, पण काही थोड्यांच्या जिवावर बेततं. चाचणीत हे औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून देत होते. या धोक्यामुळे मध्येमध्ये एमआरआय करायचा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपायचं. अमेरिकेत नुसत्या औषधाची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर ठेवली होती. एमआरआयच्या नळीत अर्धा तास न हलता पडून राहायचं, आणि तेही पुन्हापुन्हा, हे संध्याकाळी पिशवी भरणाऱ्या बाईला कसं समजावणार, हाही विचार करा.

दूध करपलं की पातेल्याच्या तळाला खरवड धरते. ती घासून काढता येते, पातेलं लख्ख होतं. करपलेलं दूध परत येत नाही. तेरा गुणांपर्यंत आलेल्या मेंदूत पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. डाग निघाले तरी त्या उगवत नाहीत.

डाग म्हणजेच आजार नव्हे, हे एका बाईने फार विलक्षण रीतीने दाखवून दिलं. कोलंबियातल्या अँटिओक्विया भागात एक मोठं कूळ आहे. एका जनुकातल्या दोषामुळे त्या कुळातल्या माणसांना चव्वेचाळीस-पंचेचाळिशीतच विसरायला होतं. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी त्यांच्यामागे आयुष्य घातलं, २०२४ मध्ये ते गेले. त्या कुळातली एक बाई तो दोष असूनही सत्तरीपर्यंत ठणठणीत होती. तपासलं तर मेंदू डागांनी भरलेला, पण गुंतवळ फारच कमी. तिच्यात एपो-ई नावाच्या जनुकाचा एक दुर्मिळ प्रकार सापडला, आईकडून एक आणि वडिलांकडून एक, आणि त्याने तिला जवळजवळ तीस वर्षं राखलं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि संशोधनाला नवी दिशा मिळाली. आज टाऊवर, मेंदूतल्या दाहावर आणि त्या बाईच्या जनुकाची नक्कल करता येईल का यावर काम चाललं आहे. माझ्या मते खरं औषध येईल ते तिकडून. काही वाटा बंदही होत आहेत. मधुमेहाच्या सेमाग्लुटाइडवर फार आशा होती, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला की त्याने अल्झायमरची चाल मंदावत नाही.

हळदीचं थोडक्यात सांगते. दिल्लीजवळच्या बल्लभगढ भागात अल्झायमर कमी आढळला, तेव्हा भारतीय हळद खातात म्हणून असेल असं बोललं गेलं आणि कॅप्सूलवाल्यांनी ते उचललं. प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन छान वागतं, पण आतड्यातून ते रक्तात फारसं उतरतच नाही, आणि रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचण्यांत फरक दिसलेला नाही. हळद भाजीत घाला. खोबरेल तेल डोक्याला लावा. डोनेपेझिल १९९६ पासूनचं औषध आहे. ते आजार थांबवत नाही, उरलेल्या पेशींचं काम थोडं सोपं करतं. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. भूक फार कमी झाली किंवा नाडी मंद लागली तर डॉक्टरांना सांगा.

तुमच्या यांच्याबद्दल. आईला सत्तरीनंतर झालेला आजार मुलाला होणारच असं अजिबात नाही. धोका थोडा वाढतो, इतकंच. कोलंबियातल्यासारखा घराण्यात सरळ उतरणारा प्रकार फार दुर्मिळ असतो आणि तो लहान वयात दिसतो. जनुकं तपासायच्या फंदात पडू नका. त्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर मात्र दर तीन महिन्यांनी बघा. ते बोलत नाहीत असं लिहिलंत. मला वाटतं, तेही हाच प्रश्न मनात घेऊन बसले असतील. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

आता पिशवी. माझ्या आईच्या पिशवीत देवघरातली घंटा, दोन वाट्या, वडिलांचा चष्मा आणि विजेचं जुनं बिल असायचं. तिला धारला जायचं असे, माहेरच्या वाड्यात. वर्षभर आम्ही रोज तिला समजावलं, ‘आई, हेच तुझं घर, पन्नास वर्षं राहतेस इथे.’ रोज भांडण, रोज रडणं. एके दिवशी माझी धाकटी बहीण म्हणाली, ‘हो, जाऊ या. टांगा यायचाय. तोवर चहा घेऊ.’ आई लगेच बसली. चहा झाला, टांगा विसरला. बहिणीला मी खोटं बोलतेस म्हणून टाकून बोलले होते, त्याचं आजही वाईट वाटतं, कारण घरी जायचंय म्हणजे मला इथे परकं वाटतंय, एवढंच आई सांगत होती आणि ते बहिणीला बरोबर ऐकू आलं होतं. सासूबाईंना घर कुठलं ते विचारा, ओटला कसा होता, पाणी कुठून भरायच्या ते विचारा. साडेचारलाच दिवे लावा, कारण दिवेलागणीचा अंधूक उजेड अशा माणसांना घाबरवतो. लघवी लागली आहे का, भूक आहे का, कुठे दुखतंय का, हे तीन आधी बघा. गणिताच्या बाई होत्या ना? माझ्या ओळखीच्या एका बाईंना त्या वेळेला सुटी नाणी मोजायला देत, तास निघायचा.

आणि तुमची झोप. विकायचंच असेल तर काही विकून रात्रीसाठी एक बाई ठेवा. दिरांना स्पष्ट लिहा, की इंजेक्शनला जे घालणार होतात त्याचा लहानसा भाग दरमहा पाठवा आणि वर्षातून तीन आठवडे येऊन आईपाशी राहा. त्या तीन आठवड्यांत तुम्ही माहेरी जा. हे मागताना संकोच करू नका. अल्झायमरच्या घरात सांभाळणारं माणूस आधी कोसळतं. मी ते पाहिलं आहे. आमच्याकडे ती बहीण कोसळली.

प्रश्न : माझं वय ६१. बँकेतून निवृत्त झालो. मागच्या आठवड्यात सराफ्यात जुना सहकारी भेटला, अर्धा तास उभं राहून बोललो, गराडू खाल्ले, पण नाव काही आठवेना. रात्री अंथरुणात आठवलं. घाबरलो आहे. रक्ताच्या एका तपासणीवरून अल्झायमर कळतो अशी जाहिरात पाहिली. करून घेऊ का?
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : सध्या नको. भेट आठवते, गराडू आठवतात, अर्धा तास काय बोललात तेही आठवत असेल. नाव तेवढं अडकलं आणि रात्री आपोआप सुटलं. साठीत हे होतं. सराफ्यात गेलो होतो हेच उद्या आठवलं नसतं, किंवा घरी परतायचा रस्ता चुकला असता, तर मी काळजी केली असती. शिवाय हे पत्र तुम्ही लिहिलं आहे. ज्यांना खरोखर हा आजार होतो त्यांच्याबद्दल बहुतेक वेळा बायको किंवा मुलगी लिहिते. ते स्वतः म्हणतात, मला काही झालेलं नाही.

तपासणी मात्र खरी आहे आणि मोठी आहे. गुंतवळातल्या टाऊचा एक तुकडा, पी-टाऊ २१७, रक्तात उतरतो. तो मोजून मेंदूत डाग असतील की नाही हे बरंच अचूक सांगता येतं. पूर्वी यासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागे किंवा महागडं स्कॅन. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या लोकांसाठी. लक्षणं नसलेल्या माणसाने कुतूहलाने करण्यासाठी नव्हे. डाग असूनही पुष्कळ माणसं शेवटपर्यंत नीट राहतात. तुमचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर आज त्यावर घ्यायला गोळी नाही. झोप मात्र जाईल.

त्याऐवजी दुसऱ्या तपासण्या करा : बी-१२, थायरॉइड, साखर. आपण शाकाहारी मंडळी, बी-१२ कमी असणं सर्रास दिसतं आणि त्याने विसरायला होतं. ते भरून काढता येतं. मग घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात ओता आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. याचं कारण माझ्या घरातलं आहे. आई आजारी पडण्याच्या तीन वर्षं आधी तिला झोपेची गोळी आणि खाजेसाठी अॅलर्जीची गोळी एकदम सुरू झाली. आठ दिवसांत तिला खिडकीत माणसं दिसायला लागली, तारखा गेल्या. एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं, वय झालंय, हे असंच चालायचं. मी डॉक्टर असून दोन महिने ते ऐकून घेतलं. शेवटी दोन्ही गोळ्या बंद करवल्या आणि दहा-बारा दिवसांत आई पूर्वीसारखी वर्तमानपत्र वाचू लागली. अॅलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवी धरून ठेवण्याच्या काही गोळ्या म्हातारपणी मेंदूवर धुकं आणतात. यांची चौकशी आधी व्हायला हवी.

कान तपासा. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये चौदा कारणं दिली. ती सगळी दूर करता आली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशेब आहे. त्यात ऐकू कमी येणं फार वरचं कारण. ब्लडप्रेशर, मधुमेह, तंबाखू, दारू, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण हीही आहेत, आणि नव्याने घातलेली दोन म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि न सुधारलेली नजर. मोतीबिंदू पिकू देत बसू नका. आईचं कानाचं मशीन आम्ही सुपारीच्या डब्यात ठेवलं होतं, कारण ते शिट्टी मारायचं. तिला प्रश्नच ऐकू येत नव्हता आणि आम्ही म्हणत होतो, हिला काही आठवत नाही.

एक बातमी आनंदाची. वेल्समध्ये नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना देऊ केली, त्याआधी जन्मलेल्यांना नाही. आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतींत सारखी माणसं. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. नेचर या विज्ञान साप्ताहिकात २०२५ मध्ये हे आलं. त्या वेळची लस वेगळी होती, आता नवी आहे, आणि केवळ स्मृतिभ्रंशासाठी घ्या असं अजून कोणी सांगत नाही. पण साठीनंतर नागिणीची लस नागिणीसाठी घ्यावीच, इतकी ती आग वाईट असते. डॉक्टरांना विचारा.

आणि सराफ्यात त्या सहकाऱ्याला पुन्हा भेटा. नाव आता आठवतंय ना.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, बी.एस्सी. करते. आजी लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आली, हिंदी इथे शिकली आणि शेजारणींशी मस्त बोलायची. आता दीड वर्षापासून फक्त मराठीत बोलते. तिला सांभाळायला येणाऱ्या दीदींना मराठी कळत नाही. परवा आजी सारखी ‘खाली, खाली’ म्हणत होती आणि दीदी तिच्या वाटीत पुन्हापुन्हा वरण घालत होत्या. आजी रडायला लागली. हिंदी परत येईल का? दोन भाषा येत असून हा आजार का झाला? मी कुठेतरी वाचलं होतं की दोन भाषांनी मेंदू वाचतो.
एक नात, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बाळा, तू वाचलंस ते आपल्याच देशातलं काम आहे. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. ज्यांना एकाहून जास्त भाषा येत होत्या त्यांच्यात लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की शाळेत कधीच न गेलेल्या माणसांतही तो फरक दिसला. म्हणजे शिक्षणामुळे नव्हे. घरात तेलुगू, बाजारात हिंदी, अशी दिवसभर इकडून तिकडे उडी मारण्याचा तो गुण असावा. इंदूरची मराठी माणसं जन्मभर हेच करतात. आजार टळत नाही, उशिरा वर येतो. आजीला हिंदीने काही वर्षं दिली असतील, ती मोजता येणार नाहीत. साडेचार वर्षं लांबवणारं औषध आजपर्यंत कोणाला बनवता आलेलं नाही.

हिंदी परत येईल अशी आशा तुला देणार नाही. या आजारात अलीकडची आठवण आधी जाते, तसंच पुष्कळांची नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि बाळपणीची शेवटपर्यंत टिकते. आजी साताऱ्याकडे परत निघाली आहे. तुम्ही तिच्या भाषेत जा.

दीदींना हिंदी वाचता येत असेल तर काम सोपं आहे, कारण लिपी एकच आहे. एका मोठ्या कागदावर डावीकडे आजीचा शब्द आणि उजवीकडे हिंदी अर्थ, असे वीस-पंचवीस शब्द लिही. तहान, लघवी, दुखतंय, गार, नको, पुरे, भीती वाटते. त्यांना वाचता येत नसेल तर तुझ्या आवाजात फोनवर भरून दे. जे शब्द दोन्ही भाषांत आहेत पण अर्थ वेगळे, ते लाल शाईने लिही. आजी ‘ऊन’ म्हणाली तर ती लोकर मागत नाही, डोळ्यांवर येणारं ऊन सांगते आहे. ‘राग’ म्हणाली तर गाणं नको आहे. आणि शब्द आजीकडूनच काढून घे, पुस्तकातले नको. साताऱ्याकडची माणसं अमुक गोष्टीला काय म्हणतात हे तिला विचारलंस तर ती तुला शिकवेल, आणि शिकवताना ती आजारी वाटणार नाही. माझी आई शेवटच्या वर्षात मला ओळखत नव्हती, पण मी चुकीची ओवी म्हटली की लगेच दुरुस्त करायची.

कागद ओट्याच्या वरच्या कपाटाच्या दाराला चिकटव, दीदींच्या नजरेसमोर राहील असा. सगळ्यात वर, लाल शाईने, ‘खाली’ लिही. समोर लिही : नीचे. आजीला नीचे जाना है.